बदलीची खोकी

बदलीवाल्याच्या घरात एक वेळ देव नंतर मांडतील, पण खोकी आधी माळ्यावर चढतात. टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, काचेच्या भांड्यांची खोकी, सगळी उलगडून, सपाट करून, सुतळीनं आवळून बांधलेली. नवरा बँकेत अधिकारी. पुढच्या बदलीला लागतील म्हणून तो त्या गठ्ठ्याला पोटच्या पोरासारखा जपायचा. मला त्याच्याकडे नुसतं बघूनही संताप यायचा.

कारण माझं काहीच कधी सोबत यायचं नाही. भोपाळला लिंबू लावलं, ते धरायला लागलं आणि बदली झाली. माझ्यामागून त्या घरात आलेल्या बाईनं मुद्दाम फोन करून सांगितलं, "लिंबं काय रसाळ आहेत हो!" अगं बाई, मला कशाला सांगतेस? लखनौला कढीपत्ता कमरेएवढा झाला, तोही कुणाच्या तरी फोडणीत गेला. म्हणून कोलकात्याला आल्यावर डमडममध्ये तळमजल्याचं घर मिळालं आणि मागं जमिनीचा तुकडा दिसला, तेव्हाच मी नवऱ्याला तोंडावर सांगितलं, "या खेपेला मी लावीन ते मीच खाईन. इथून हलणार नाही."

तो म्हणाला, "प्रमोशनची मुलाखत आहे. मिळालं की बदली ठरलेली. उगाच जीव लावू नकोस."

जीव लावू नकोस म्हणे! जसा काही माझा जीवही त्यानं बांधून माळ्यावर ठेवायचा होता.

दुसऱ्या दिवशी तो मेट्रोनं एस्प्लनेडच्या ऑफिसला गेला आणि मी माळ्यावर चढले. सगळी खोकी खाली ओढली. चिकटपट्ट्या सोलल्या, पिना उपटल्या, पुठ्ठे बादलीत भिजत घातले. इथली माती मुलखाची चिकट, वाळली की फरशी होते, आणि हरळी तर कितीही उपटा, पुन्हा आहेच. त्यावर एकच उपाय होता. खाली शेळीच्या लेंड्यांचा थर, वर ओला पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यातून रोपं. लेंड्या आणल्या बाजारातल्या मटणवाल्याकडून, तो दुकानामागं बकऱ्या बांधतो. टोटोवाला, म्हणजे इथला बॅटरीच्या रिक्षावाला, पोतं बघून नाक दाबत होता. मी म्हटलं, भाडं घेतोस ना, मग चल मुकाट्यानं.

रोपं काटेरी वांग्याची, बी बहिणीनं साताऱ्याहून पाठवलेलं. इथं वांगं मिळतं ते पपईएवढं, तळायला ठीक. त्यात मसाला भरायचा तर परातच लागेल.

संध्याकाळी नवरा मागं आला. वाफ्यावर त्याच्याच अक्षरात "काच. सांभाळून" असं लिहिलेला पुठ्ठा चिखलात पसरलेला होता.

"ही खोकी?"

"हो."

"अक्कल गहाण टाकलीस का? आता जाताना सामान कशात भरायचं?"

"ज्याला जायचंय त्यानं बघावं."

तो त्या रात्री जेवला नाही. नाही तर नाही.

मग वरच्या मजल्यावरची घरमालकीण उठली. तिला सगळे माशीमा, म्हणजे मावशी, म्हणतात, मीही म्हणायची. तिच्या बाल्कनीखालीच माझा वाफा. आधी म्हणाली पुठ्ठ्यानं वाळवी येईल, मग म्हणाली वास येतो. एका सकाळी ती कठड्यावरून वाकून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायला लागली, "नादी! आमार बाडीते नादी!" माझ्या घरात, एवढं कळलं; पण बंगालीत लेंड्यांना नादी म्हणतात, हे मला तेव्हा कुठं ठाऊक! मला वाटलं, ही मराठी शिकून मला दम देते आहे. माझं टाळकं सटकलं. मीही खालून कडाडले, "नादी लागू नका माझ्या, सांगून ठेवते!"

संपलं. नादी तिला कळलं, आणि लागू म्हणजे लावणार, हेही तिचं तिनं लावून घेतलं. भाडोत्रीण मला लेंड्या फासायला निघाली आहे, अशी बोंब तिनं गल्लीभर ठोकली. संध्याकाळी नवरा दारात शिरायच्या आत तिनं त्याला गाठलं आणि घर रिकामं करा म्हणाली.

लग्नाआधी नवरा इथंच नोकरीला होता, त्याला बंगाली उत्तम येतं. मी काय म्हटलं होतं, ते तो एका वाक्यात सांगू शकला असता. पण तो मान खाली घालून "ठीक आहे, बघतो" म्हणाला आणि आत आला. त्याचं तोंड बघूनच मला कळलं, हे त्याच्या पथ्यावर पडलं होतं. मांडलेला संसार मोडून टाकावा इतका मोठा राग मला त्या क्षणी आला.

मग मीच वर गेले. सोप्या हिंदीत, मोडक्यातोडक्या बंगालीत, हातवारे करून समजावलं की आमच्यात नादी लागणं म्हणजे कुरापत काढणं. माशीमा हसली नाही. "आणखी माती टाका, वास झाका," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी माती टाकली, घर राहिलं. तिचं माझं बोलणं आजही तेवढ्यास तेवढंच आहे.

खाली येऊन नवऱ्याला म्हटलं, "तू जा. खुशाल जा. मी येणार नाही. आणि पुन्हा कधी माझ्या बाजूनं तोंड उघडायची वेळ आली, तर असा मूग गिळून उभा राहू नकोस."

त्याला वाटलं, चार दिवस धुमसेल आणि गप्प बसेल. मी गप्प बसले नाही. मुलाखतीच्या दिवशी तो नेहमीच्या शर्टात ऑफिसला गेला, नेहमीच्या वेळेला परत आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "नाही गेलो मुलाखतीला. झालं समाधान?"

झालं. खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला आणि तो मी लपवलाही नाही.

थंडीत वांगी लागली. छोटी, जांभळी, देठाला बोचणारी. दाण्याचं कूट, खोबरं, गूळ, गोडा मसाला घालून भरली वांगी केली. ती त्याला जीव की प्राण. ताटात दोन वाढली.

त्यानं ताट थोडं मागं सरकवलं. आवाज चढवला नाही. "माझ्याबरोबरचे सगळे मॅनेजर झाले. या वांग्यांत माझी ती खुर्ची गेली. तू खा." आणि नुसत्या ताकभातावर जेवायला लागला.

मी त्याच्या ताटातली दोन्ही वांगी उचलून माझ्या ताटात घेतली. भाजी अप्रतिम झाली होती. त्याच्या समोर बसून, काटे बाजूला काढून, देठापर्यंत सगळी खाल्ली. त्यानं एकदाही मान वर केली नाही.