मोठेबाबांचा बिनगर्दीचा दिवस

आमचे मोठेबाबा लग्नाला जात ते आदल्या दिवशी. मांडवाचे बांबू रोवणं चाललेलं असे, आचारी अजून चुलीसाठी खड्डा खणत असे, आणि हे धुतलेला पांढरा सदरा घालून दारात हजर. नवरीच्या बापाच्या हातात आहेर ठेवायचा, कपभर चहा घ्यायचा आणि ऊन उतरायच्या आत घरी. अशी कितीतरी लग्नं त्यांनी गाठली, पण त्यांतला एकही नवरदेव कधी पाहिला नाही. कोणी टोकलं तर म्हणत, "नवरदेव काय पयून जाते? गर्दी हटली का पाहू सावकाश."

आठवडी बाजारातही तीच तऱ्हा. माळणींनी पोती सोडायच्या आत हे पिशवी घेऊन उभे. मग जे हाताला लागेल ते आणत, म्हणजे बहुतेक वेळा मागच्या बाजारातली वांगी. मोठीआई ती उलटसुलट करून पाहायची आणि मुकाट्यानं गाईपुढं टाकायची.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आणि मोठीआई त्यांची बायको. जऊळक्याच्या स्टेशनवर ते तिकिटं द्यायचे. घरात नोकरी असलेला तो एकच माणूस, म्हणून कुठं जायचं, कधी जायचं, कोणी जायचं हे सगळं तेच ठरवत. माझे वडील शेती पाहत आणि थोरल्या भावापुढं तोंड उघडत नसत. तिकिटाच्या खिडकीला वीतभर भोक होतं. मोठेबाबा सांगत, "मले माणूस दिसतच नाई. निसते हात दिसते. एकावर एक, एकावर एक. दिवसभर हातच पाहाचे अन् सुट्टीच्या दिवशी बी हातच पाहाले जायाचं काय?" त्यांचा हा प्रश्न ऐकला की आम्ही मुली अंगावरचे चांगले कपडे उतरवायला लागायचो, कारण त्याच्या मागोमाग कुठला तरी बेत बारगळलेला असायचा.

हे सगळं सांगायचं कारण अकोल्याचं प्रदर्शन. दर हिवाळ्यात तिथल्या मैदानावर महिनाभर ते भरायचं. मौत का कुआँ, जाडजूड आणि लांबडं दाखवणारे आरसे, आणि सगळ्यांत उंच तो आकाशपाळणा. गावातली अर्धी माणसं जाऊन आलेली होती. मोठेबाबांची एकुलती लेक, आमची अक्का, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिला त्या पाळण्यात एकदा बसायचं होतं. ती हट्टी मुलगी नव्हती. लुगडं, बांगड्या, शाळा सुटणं, कशावरूनही तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. मागितलं ते एवढंच, आणि तेही तीन वर्षं.

मोठेबाबांनी नाही म्हटलं असतं तर एकवेळ परवडलं असतं. त्यांनी हो म्हटलं आणि बेत आखायला घेतला. अकोल्याहून परतलेल्या प्रत्येक उतारूला ते स्टेशनच्या फाटकापाशी गाठत आणि पाळण्याची चौकशी करत. "पायन्यापाशी रांग कितीक होती गा? बाया किती, लेकरं किती? कोन्या वक्ताले कमी होती?" ओझं घेतलेली माणसं वैतागून काहीतरी ठोकून देत आणि हे घरी येऊन ते पाठकोऱ्या कागदावर उतरवत. "लोकं जाते तवा आपुन जायाचं नाई, लोकं येते तवा आपुन जायाचं," हे त्यांचं सूत्र.

पहिल्या वर्षी त्यांनी मंगळवारची भर दुपार काढली. आम्ही नटूनथटून पोचलो तर प्रदर्शन संध्याकाळी पाचला उघडायचं, आणि रात्रीच्या गाडीला गर्दी असते म्हणून आम्हाला परतायचं होतं ते पाचच्याच गाडीनं. मैदानाच्या तारेपलीकडे पाळणा उभा होता आणि त्याच्या पाळण्यांवर कोणीतरी धुतलेले कपडे वाळत घातले होते. मोठेबाबा प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "पाह्यलं? एक माणूस नाई." दुसऱ्या वर्षी पहिलाच दिवस गाठला, तर पाळण्याचा नुसता सांगाडा उभा होता. आम्ही तारेला टेकून घरून आणलेल्या भाकरी खाल्ल्या आणि परत आलो. त्या रात्री मी अंथरुणात रागानं रडले. अक्का रडली नाही, तिनं माझ्या तोंडावरून पदर फिरवला आणि म्हणाली, "झोप वं. पुढच्या साली जाऊ."

पण पुढचं साल शेवटचं होतं. अक्काचं लग्न रिठदला ठरलं. घरंदाज माणसं, कोरडवाहू शेती, सासूचा कारभार कडक. उन्हाळ्यात ती जाणार आणि मग तिला पाळण्यात कोण बसवणार? मोठीआईनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "औंदा पोरगी बसल्याशिवाय राह्यली नाई पायजे. थे तुमचं गनित चुलीत घाला."

मोठेबाबांनी गणित चुलीत घातलं नाही. उलट त्यांना ते सापडलं. एका संध्याकाळी ते कामावरून आले तेच हसत. "अमावस्या!" ते म्हणाले. "अमावस्येले लोकं घराभाईर पाय टाकत नाई. निम्मी तिकिटं बी खपत नाई, मी सोता पाहून राह्यलो ना इतके वर्स. अन् आपल्याले कायची अमावस्या? छप्पन सालीच सोडली आपुन थे." घरात बुद्धाच्या तसबिरीखाली उभं राहून ते हे बोलले आणि त्यात खोड काढण्यासारखं काही नव्हतं. दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात अमावस्या हा इतर दिवसांसारखा दिवस होता. मला वाटलं, या खेपेला माणसानं खरंच डोकं चालवलं.

गाडीत पाय पसरून बसायला जागा होती. मोठेबाबा, मोठीआई, माझी आई, अक्का आणि मी, पाच जणं. पाचला फाटक उघडलं तेव्हा आम्हीच पहिले. दिवे लागलेले, भोंग्यावर गाणं चाललेलं, पाळणा जागेवर, तिकीटवाला जागेवर. अक्कानं तिकीट घेतलं आणि धावतच खालच्या पाळण्यात जाऊन बसली. मी तिच्या शेजारी. तिनं समोरचा लोखंडी दांडा खाली ओढला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.

पाळणा हलेना. पाळणेवाला बिडी ओढत उभा होता. मोठेबाबांनी विचारल्यावर तो म्हणाला, "पाच जनों से झूला नहीं चलता साहब. वजन बराबर चाहिए. बीस-पच्चीस आदमी आने दो."

"सगळ्या पायन्याचे पैसे मी देतो," मोठेबाबा म्हणाले.

"पैसे को क्या ऊपर बिठाऊँ?"

आम्ही थांबलो. माणसं येईनात. यायची कशाला, अमावस्या होती! मग मी जे पाहिलं ते कधी पाहीन असं वाटलं नव्हतं. गर्दी दिसली की रस्ता बदलणारे मोठेबाबा प्रदर्शनाच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडू लागले. "या ना भाऊ, बसा ना. तिकीट माह्याकडून. पोरगी बसून हाये." लोक त्यांच्याकडे संशयानं पाहत आणि वळसा घालून पुढं जात. एक म्हातारा तर चिडून म्हणाला, "आज अवस हाये, तुले समजते का नाई?" तासाभरात त्यांनी सातजणं जमवली. त्यातली चार वाट पाहून निघून गेली. रात्रीच्या गाडीची वेळ झाली. पाळणेवाल्याकडे पाहायलाही न थांबता अक्कानं दांडा वर केला आणि उतरली. "राहू द्या बाबा," ती म्हणाली. परतीच्या गाडीत मी मोठेबाबांच्या शेजारी बसले नाही. माझ्या मनात इतका संताप होता की त्यांच्या सदऱ्याचा वासही नकोसा झाला होता.

लग्नाचा दिवसही त्यांनी असाच आडवारी काढला. पण लेकीच्याच लग्नाला आदल्या दिवशी जाऊन येता येत नाही, तेव्हा हा एक नवरदेव त्यांना पाहावा लागला. पाठवणीच्या वेळी वऱ्हाडाच्या ट्रकपाशी त्यांनी अक्काचा हात धरला. "माय, तुले पायन्यात बसवाचं राह्यलं."

अक्का म्हणाली, "पायन्याचं काय घेऊन बसले बाबा? मले तं थे गर्दीच पाहाची होती. आपल्या जऊळक्यात रोज थेच चार तोंडं. तिथं म्हने इतके लोकं राह्यते का एकमेकायचे बोलनं ऐकू येत नाई. थेच पाहाचं होतं मले, उंचावरून."

ट्रक निघून गेला तरी मोठेबाबा तिथंच उभे होते.

पुढच्या हिवाळ्यात प्रदर्शन भरल्याची बातमी येताच ते रिठदला गेले, लेकीला आणायला. सासूबाईंनी ओसरीवरूनच परत लावलं. तुरीची सोंगणी चालू आहे, बाया मिळत नाहीत, आणि लग्न झालेल्या बाईला पाळणा हवा कशाला? अक्का खळ्यात होती, तिची नीट भेटही झाली नाही. मोठेबाबा आले ते थेट अंथरुणात शिरले.

आणि रविवारी ते गायब. मोठीआईनं सगळीकडे विचारलं. रात्रीच्या गाडीनं ते उतरले तेव्हा सदऱ्याची बाही उसवलेली होती, चपलेचा अंगठा तुटलेला, केसांत धूळ. मी पाण्याचा तांब्या दिला. ते अंगणात बसले आणि एकट्या माझ्याशीच बोलल्यासारखं बोलले. "दीड घंटा रांगेत होतो वं. लोकं पायावर पाय देऊन राह्यले. मंग बसलो. वर गेल्यावर त्यानं थांबवला पायना. खाली पाह्यलं तं डोकेच डोके, दिव्यायच्या उजेडात. कोनी हसून राह्यलं, कोनी लेकराले हाका मारून राह्यलं. सगळा एकच आवाज वर ये." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तिले लई आवडलं असतं."

मला त्यांची दया यायला हवी होती. पण तीन वर्षांचा राग एकदम उफाळला आणि चौदा वर्षांची मी त्यांच्यावर ओरडले, "मंग तवाच काहून नाई नेलं तिले रविवारी?"

आत मोठीआईच्या हातातलं भांडं पडलं. आमच्या घरात मोठेबाबांना असं कोणी बोलत नसे. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"भ्याव वाटे मले," ते म्हणाले. "तुमाले सांगाची लाज वाटे, म्हनून गनितं करो."

मोठेबाबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. अक्काला मी हे सगळं सांगितलं, तेव्हा तिनं डोळ्याला पदर लावला आणि बापाला तिथल्या तिथं माफ करून टाकलं. तिचं मन तसंच आहे. मला अजून जमलेलं नाही. एका शब्दानं सांगितलं असतं तर दोन्ही बाजूंनी दोन्ही हात धरून आम्ही त्यांना त्या गर्दीतून नेलं असतं.