नलूताईंचं एक मिनिट

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीतल्या आमच्या प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत होतो आणि फोन बाहेर टेबलावर. फोनचा उजेडसुद्धा मोजणी बिघडवतो, हा नियम त्यांचाच; मला हे काम शिकवलं तेही त्यांनीच. बाहेर आलो तर पूर्णगडहून त्यांच्या भावाचे चार फोन येऊन गेले होते. सुट्टीला घरी गेल्या होत्या, सकाळी अंगणात फुलं काढताना कोसळल्या... महिना होऊन गेला, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. शेवटचे तीन आठवडे मी त्यांच्याशी धड बोललो नव्हतो.

माणसाच्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी जाग्या होऊ लागल्या की ते लगेच ओळखायचं, हे आमचं काम. पेशींत एक रंगद्रव्य भरायचं. पेशी चाळवली की आत कॅल्शियम वाढतं आणि रंगद्रव्य जास्त चमकतं. बाकीच्या चाचण्यांना तास लागतात, इथे पडद्यावरची रेघ बघता बघता वर चढते. मात्र औषध घालण्याआधी पूर्ण एक मिनिट काहीच करायचं नाही, पेशी गप्प असतानाची रेघ नोंदवायची. मला ते मिनिट कधी निघतच नसे. नलूताई स्वयंपाकघरातला टायमर लावत आणि माझं मनगट धरून ठेवत. "मेल्या, गाडी चुकत्येय काय तुझी?"

एकदा त्या रजेवर असताना एका नव्या औषधाने रेघ झरकन वर गेली. फ्रीजमधलं गार औषध मी तसंच ओतलं होतं, मिनिटभरही थांबलो नव्हतो, तरी आनंदाच्या भरात पुण्याच्या सहकाऱ्यांना कळवून मोकळा झालो. नलूताईंनी परतल्यावर माझ्यासमोर तेच पुन्हा केलं, फक्त औषधाऐवजी फ्रीजमधलं नुसतं मिठाचं पाणी घातलं, माझ्यासारखंच धसमुसळेपणाने. रेघ तश्शीच चढली. पेशींनी गार पाण्याचा धसका घेतला होता, औषधाचा काही संबंध नव्हता. चूक तूच कळव, म्हणाल्या. मी कळवली, आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं.

घरी जाण्याच्या आदल्या दिवशी त्या दोन कप चहा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"एक मिनिट बस. मनात काय हाय ते बोलून टाक."

मी कप उचलला आणि बाहेर निघून गेलो. राग होता असं इतके दिवस स्वतःला सांगत आलो. राग कसला, लाज होती ती.

त्यांचा टायमर अजून ओट्यावर आहे, पाठीवर चिकटपट्टी: 'नलू. कोणी नेऊ नये.' गेल्या सोमवारी तोच प्रयोग पुन्हा लावला. टायमर फिरवला, हात मांडीवर ठेवून बसलो. रेघ सरळ चालली होती. अंधारात एकटाच होतो, तेव्हा म्हणालो, "चुकलं माझं, नलूताई." आणखीही बरंच बोलायचं होतं, पण टायमर वाजला.