आईची टेप

दादा,

हरसूलहून नाशिकची एसटी सुटली तेव्हा तू टपावर माझी ट्रंक बांधून नुकताच खाली उतरला होतास. आई खिडकीशी उभी होती. "इंग्रजी शिक, पन आमच्याशी बोलायचं इसरू नको," एवढंच म्हणाली. मी पुण्याला इंग्रजी आणि भाषाशास्त्राचं एम.ए. करायला निघालो होतो. मला हसूच आलं. फार शहाणा होतो ना मी.

विद्यापीठात आपलं बोलणं लपवता लपवता माझी दमछाक व्हायची. आणि नेमकं त्याच बोलण्याचे मार्क मिळणार, असं दुसऱ्या वर्षी कळलं. सरांनी गावाकडच्या बोलीचे नमुने आणायला सांगितले. म्हणून दिवाळीत मी विभागाचा टेपरेकॉर्डर घेऊन आलो आणि आईला ओट्यावर बसवून सरांनी दिलेल्या यादीतले शब्द म्हणायला लावले. पाणी, डोळा, चूल, भाकर. तू तेव्हा भात कापायला गेला होतास.

फाल्गुनात आई गेली. तेव्हापासून तू दर पत्रात लिहितोस, ती टेप आण, पोरांना आजी ऐकू दे. मी दर वेळी काहीतरी सबब सांगतो.

दादा, टेप नाही. काम कागदावर उतरलं की टेप परत करायची, मग तिच्यावर दुसरा विद्यार्थी आपलं काम भरायचा, ही तिथली रीत. मीच परत केली. तेव्हा आई होतीच, पुन्हा भरता येईल असं वाटलं. दिवस घालून परतल्यावर मागून घेतली, तर तिच्यावर एक मुलगी इंग्रजी वाक्यं म्हणत होती. मी ती दोनदा शेवटपर्यंत ऐकली. मधे कुठेतरी आई सापडेल, अशी वेडी आशा.

माझे कागद आहेत. तिचा एकेक उच्चार चिन्हांत लिहिलेला. दार लावून मी ते मोठ्यानं वाचतो. एकही उच्चार चुकत नाही, आणि आवाज माझाच येतो.

आणखी एक, जे तुला कधीच सांगितलं नाही. यादी संपल्यावर ती आपणहून बोलायला लागली होती. "तिकडंच राहशील काय रं आता? मला लय..." मी बटण दाबलं. टेप वाया जाते, म्हणालो. ती चहा ठेवायला उठली.

इथे पुण्यात मी पोरांना इंग्रजी उच्चार शिकवतो, भाड्याच्या खोलीत राहतो. तू रागव, हवं तर पत्र बंद कर. फक्त येऊ नको म्हणू नकोस. तू ये म्हणालास तरच मला घर आहे.