आईच्या हातचा रंग

आईच्या हातचं म्हणावं असं शेवटी एकच उरलं होतं, पप्पांच्या मानेवरच्या केसांचा रंग. तोही मी घालवला. नकळत झालं असं म्हणायचीही सोय नाही, कारण केस रंगवण्यातलं मला सगळं कळतं आणि त्या दिवशी मी अगदी मन लावून काम केलं होतं.

आईची पद्धत ठरलेली. मेंदी आदल्या संध्याकाळी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवायची, त्यात थोडा कात आणि आवळ्याची पूड. सकाळी पप्पांना बाल्कनीत स्टुलावर बसवून खांद्यावर फाटका टॉवेल टाकायचा आणि जुन्या टूथब्रशने एकेक बट काढत लावत जायचं. पप्पा त्याला कलप म्हणायचे आणि ती चिडायची. "कलप म्हातारे लावतात. ही मेंदी आहे." रंग यायचा तांबडा, खरं तर विटकरीच. मला तो कधीच आवडला नाही. कॉलेजात असल्यापासून मी म्हणायची, "आई, पप्पांचं डोकं गंजलंय गं." ती हसायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा कढई काढायची.

आई डिसेंबरात गेली. त्यानंतर मी वर्तकनगरहून कोपरला पप्पांकडे जात होते, पण तास-दोन तासांसाठी, डबा द्यायचा, औषधं बघायची आणि निघायचं. नीट राहायला गेले ती एकदम एप्रिलात, जयंतीच्या आदल्या दिवशी. जयंतीला पप्पा पांढरा सदरा घालून विहारात सगळ्यांच्या पुढे उभे राहतात, बुद्धवंदना तेच सांगतात. म्हणजे सगळ्या वस्तीच्या नजरा त्यांच्या पाठमोऱ्या डोक्यावर. दुपारी ते पेपर वाचत बसले होते, तेव्हा मी ते डोकं पहिल्यांदा नीट बघितलं.

पुढचे केस पाकिटातल्या रंगाने काळेकुट्ट, ते त्यांचे त्यांनीच रंगवलेले. मागे मुळांपासून बोटभर पांढरे आणि त्याखाली, कॉलरवर आलेली टोकं तांबडी. आयुष्यभर दर पंधरा दिवसांनी कटिंगला जाणारा हा माणूस, आणि केस मानेवर रुळत होते. माझं डोकंच फिरलं. मला काळजी वाटली की मी आधी रागावते, हा माझा जुना रोग आहे.

"पप्पा, हे काय करून ठेवलंय? पुढे काळं, मागे पांढरं, खाली तांबडं! लोक काय म्हणतील, बायको गेली आणि माणसाकडे बघणारं कुणी नाही?"

"पुढचं केलंय की मी," ते म्हणाले. "मागचं राहू दे."

"का राहू दे? हात पोचत नाही ते सांगा ना सरळ."

हात पोचत नाही हे मीच ठरवलं आणि खाली जाऊन दुकानातून रंग घेऊन आले.

आधी शांपू केला, कारण केसात तेल असलं की रंग धरत नाही. कानांना व्हॅसलिन लावलं. पांढऱ्या मुळांना आधी, कारण पांढरा केस हट्टी असतो, त्याला वेळ लागतो. ज्या टोकांवर जुना रंग आहे त्यांना शेवटची दहा मिनिटं फक्त, नाहीतर तिथे डांबरासारखं दिसतं. हे सगळं मी त्यांना मोठ्याने समजावून सांगत होते. पप्पा मान खाली घालून बसले होते. मधे एकदा त्यांनी हात मागे नेला, तर मी त्यावर चापट मारली. "हलू नका, पट्टे पडतील."

धुतल्यावर मागचं-पुढचं कुठे ओळखू येत नव्हतं. मी खूश झाले. मागे आरसा धरून त्यांना दाखवलं.

"टोकांचं पण झालं काळं?" त्यांनी विचारलं.

"टोकांचं पण. सगळं एकसारखं."

ते आरशात बघत राहिले. मग मानेवरचे केस बोटांत धरून म्हणाले, "ते तुझ्या आईच्या हातचं होतं गं."

हातचं हा शब्द आपण जेवणासाठी ठेवलेला. आईच्या हातची भाकरी, आईच्या हातची सुकटीची चटणी. केसांसाठी तो मी कधी ऐकला नव्हता. चार महिने ते न्हाव्याकडे का गेले नाहीत, रंग लावताना मागचे केस का सोडले, हे मला तेव्हा, हातात आरसा धरून उभी असताना कळलं.

मी त्यांना परत बाथरूममध्ये नेलं. शांपू लावला, खसखसून चोळला, परत लावला. पाण्याबरोबर थोडा काळा गेला की वाटायचं, आता खालचा दिसेल. दिसला नाही. रंग पक्का बसला होता, मीच तो नियम पाळून बसवला होता. मी रडत होते आणि चोळत होते. शेवटी त्यांनीच माझं मनगट धरलं.

"पुरे गं. मान दुखते."

त्यांनी डोकं पुसलं, पँट चढवली, खुंटीवरचा निळा शर्ट काढला. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, "कटिंग करून येतो. आता ठेवून काय करायचेत."

मला माफी मागायची होती. तोंडातून आलं ते, "तो नको, जुना शर्ट घाला. केस ओले आहेत, कॉलरला डाग पडेल."

त्यांनी निमूटपणे शर्ट बदलला आणि जिना उतरून गेले.