शोभाचं वजन आणि माझं भांडण

मैत्रिणींनो, मंडळाच्या फळ्यावर आज दुपारचंच लिहिते.

हळदीकुंकवात काही जणी माझ्या नणंदेला, शोभाला, जाडी म्हणून चिडवत होत्या. मी तडकलेच. "तिच्या अंगाची चौकशी कावून करता? छानच दिसते ती!"

मरोद्याला आमच्या घरी परतताना शोभा धापा टाकत झाडाखाली थांबली.

"वहिनी, डॉक्टरनं बीपी सांगितलं. वजन उतरवा म्हणे. पण तुमाले कसं सांगू? तुमी तं माह्यासाठी भांडून राहिल्या होत्या."

मी तिचा हात धरला. "तू मले अशीच आवडते. अन् खूप वर्षं सोबत पाह्यजे. उद्यापासून संध्याकाळी दोघी फिरायले जाऊ."

"त्या बायका हसल्या तं?"

"हसू दे."

उद्या आम्ही रस्त्यात दिसलो, तर हसणाऱ्यांपैकी कोणी सोबत चालाल का?