दोन्ही कल्ले सारखे

आमच्या मामांनी चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचे कल्ले खालीवर होऊ दिले नाहीत. मामा न्हावी. घरी कुणी भांग वाकडा पाडला तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. नेमका अशाच माणसाचा अर्धा चेहरा संपावर गेला.

झालं असं, की दुकानाचं शटर धाडकन खाली आलं, मामांच्या कानामागे लागलं आणि चेहऱ्याची डावी नस दुखावली. मामा चहा प्यायले की अर्धा शर्टाला मिळायचा. पण त्यांचं दुःख वेगळंच होतं. पोरं त्यांच्या खुर्चीत गप्प बसायची ती आरशात ते वेडीवाकडी तोंडं करायचे म्हणून. त्यातला गालांचा फुगा सगळ्यांत लाडका, आणि आता फुगाच फुगेना. त्यांची सख्खी नात त्यांचं तोंड बघून रडली, केस न कापताच पळाली. त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, नस जागी होईपर्यंत डावा गाल बाहेरून हलवत राहायचा. आधी बोटांनी हलकी मालिश, मग छोटंसं थरथरणारं यंत्र, दिवसातून तीनदा. मामांनी ते इमानेइतबारे केलं. तरी महिन्याभरानं बाई म्हणाल्या, उजवी बाजू भलतीच ओढतेय. तेव्हा मामींनी चहाडी केली: हे डावीकडे पाच मिनिटं केलं की उजवीकडेही पाच मिनिटं करतात, घड्याळ लावून.

"एकच बाजू करून कसं सोडायचं?" मामा म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. त्यानंतर मालिशच्या वेळी मामी त्यांचा उजवा गाल तळहातानं झाकून पहाऱ्याला बसू लागल्या.

तिसऱ्या महिन्यात नातीला बिस्किटांची लाच देऊन खुर्चीत बसवलं. ती डोळे गच्च मिटून बसली. मामांनी डावीकडचे केस कानापर्यंत आणले आणि सवयीनं फुगा केला. नातीनं एक डोळा किलकिला केला.

"आजोबा, तुमचा तिकडचा गाल हलला."

मामांनी पुन्हा केला. हवा फुस्सकन निसटली, पण त्याआधी गाल जरासा फुगला होता. नात खिदळली.

मामांनी कात्री ठेवली, नातीचा हात धरला आणि दुकान उघडं टाकून घरी धावले. दारात मामींना आधी दिसलं ते नातीचं डोकं. एकीकडे केस कानापर्यंत, दुसरीकडे खांद्यापर्यंत.

"अहो, पोरीला असं अर्धवट कापून आणलंत?"

"तिचं उजवं नंतर बघू," मामा म्हणाले. "आधी माझं डावं बघ."