चार इंचांचं माप

माझ्या आत्यावर, अंथुर्ण्याच्या शालन टेलरवर, अन्याय झाला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराला. दवाखाना कुठला ते लिहीत नाही. असे बरेच आहेत. मी शेजारीच उभी होते.

आत्या गावातल्या बायकांचे ब्लाउज, परकर शिवायची. कुणाची कंबर वाढली हे तिला त्या बाईच्या आधी कळायचं. स्वतःचं मापही तिनं वहीत उतरवलं होतं. “डॉक्टरसायब, दोन घास खाल्लं की पोट गच्च हुतंय. आन् तीन म्हैन्यांत घेर चार इंच वाढलाय.” डॉक्टर हसले. “पाळी गेल्यावर सुटतंच पोट, मावशी.” लुगड्यावरूनच पोट दाबलं आणि गॅसच्या गोळ्या दिल्या. आणि मी, गावोगाव बायकांच्या आजारांची पत्रकं वाटत फिरणारी... गोळ्यांची पिशवी मीच उचलली.

दिवाळीनंतर बारामतीत सोनोग्राफी झाली. पोटात पाणी. अंडाशयाचा कॅन्सर, पसरलेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागदावर गोल काढून समजावलं: पाळी गेली तरी शरीरात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन थोडं बनतंच, या कॅन्सरच्या काही प्रकारांत ते गाठीला वाढायला मदत करतं, आणि गाठीभोवती जमलेल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींनाही ढिलं पाडू शकतं. काहींना तर गाठीच्याच कामाला जुंपतं. सगळं अजून कळलेलं नाही, शोध चालू आहे.

“म्हंजी राखणदारच चोराची शिडी धरतोय म्हणा की,” आत्या म्हणाली. मग हळूच, “बाई, सणावाराला पाळी फुडं ढकलायच्या गोळ्या खायची मी. त्यानं तर न्हाय ना झालं?”

“त्यातलं हार्मोन वेगळं असतं. तुमचं काही चुकलं नाही.”

तरी परतीच्या एसटीत तिनं मला तेच तीनदा विचारलं. शेवटी मी ओरडले, “तुझं न्हाय गं, आमचं चुकलं!”

“वराडू नगंस, लोकं बघत्यात,” ती म्हणाली. थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत... “तू खाल्ल्यास का गं कधी तसल्या गोळ्या?”

ती जाऊन सहा आठवडे झाले. तिची टेप मशीनशेजारच्या खिळ्याला तशीच लटकलीय. रोज सकाळी मी ती पोटाला गुंडाळते. परवा घेर अर्धा इंच जास्त भरला. संध्याकाळपर्यंत आणखी तीनदा मोजला.

तुमच्या घरातली बाई म्हणाली, पोट फुगतंय, दोन घासांत भरतंय, आणि हे दोन-तीन आठवडे थांबलं नाही, तर तिच्यासोबत जा. डॉक्टर हसले तर हसू द्या. नुसती गोळ्यांची पिशवी उचलून बाहेर पडू नका. सोनोग्राफीची चिठ्ठी मागा, आणि ती हातात पडेपर्यंत खुर्ची सोडू नका.